अकराचे तीन: कारखान्याच्या व्हीपीएनचं ओव्हरहॉलिंग

आमच्या व्हीपीएनवर, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून कारखान्याच्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित वाटेवर, अकरा टनेल ग्रुप (आत यायची वेगवेगळी दारं) होते, आणि ते अकराच का हे सांगू शकेल असा एकही माणूस कारखान्यात उरला नव्हता. शेतकी, शेतकी-जुना, हिशेब, काटा, डिस्टिलरी, कोजन, लॅब, एमडी, टेस्ट, टेस्ट-२ आणि सॉफ्टवेअरवाल्यांचा एक. सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात ज्यानं काम केलंय त्याला यात नवल वाटणार नाही. जो येतो तो काहीतरी वाढवून जातो, काढत कुणीच नाही. त्यात सीझन चालू असताना चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही, हा इथला अलिखित कायदा. हात लावायचा तो ऑफ सीझनला: मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या ट्यूबा साफ होतात, काट्यांची तपासणी होते. गेल्या ऑफ सीझनला त्याच कामांच्या यादीत व्हीपीएन घालून घेतलं. बॉयलर अग्निप्रदीपन दसऱ्याच्या सुमाराला, म्हणजे त्याआधी सगळं उरकणं भाग होतं.

साखर कारखान्याला व्हीपीएन कशाला, असं बाहेरच्याला वाटेल. कार्यक्षेत्र कृष्णाकाठच्या तीन-चार तालुक्यांत पसरलेलं. गावोगाव गट कार्यालयं. तिथे उसाच्या नोंदी होतात, तोडणी प्रोग्रॅम लागतो, हंगामात टोळ्या आणि वाहनं बघितली जातात, आणि हे सगळं कारखान्यातल्या सर्व्हरवर चढतं. लेखा विभागाची वेगळीच घाई. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे पंधरवड्याचं बिल निघायच्या वेळी दोघं-तिघं घरूनही बसलेले असतात. सॉफ्टवेअरवाले पुण्यातून काम करतात. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा जो फोन करेल त्याला त्याच दिवशी जोडून दिलं गेलं. अकरातले निम्मे ग्रुप त्या आठवड्यांतले असावेत.

यंत्र म्हणजे सिस्कोची एएसए ५५१६-एक्स. ती खरी फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामधली राखणदार, पण आमच्याकडे सगळे तिला राउटरच म्हणतात, आणि इंटरनेटच्या दोन्ही लाइनी तिच्यावरच येत असल्यामुळे मीही वाद घालत नाही.

या कामाला परवानगी मिळाली ती लॉगमुळे, म्हणजे यंत्र स्वतः लिहून ठेवतं त्या नोंदींमुळे. बाहेरून कुणीतरी रात्रंदिवस लॉगिन करून बघत होतं. युजरची नावं वाचली की अंदाज येतो: एडमिन, टेस्ट, स्कॅनर, प्रिंटर, बॅकअप, अकाउंट्स. बहुतेक ओळींत ११३०१५ हा नंबर आणि पुढे 'रिजेक्टेड'. हे नेम धरून केलेलं नव्हतं, जगभर चालू होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सिस्कोने सीव्हीई-२०२३-२०२६९ या क्रमांकाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर केली. एएसएमध्ये काही टनेल ग्रुप जन्मापासूनच असतात, डिफॉल्ट-एडमिन-ग्रुप आणि डिफॉल्ट-एलटूएल-ग्रुप त्यातलेच. लॉगिन करताना त्यांचं नाव दिलं तर हल्लेखोराला हवे तितके पासवर्ड आजमावता येत होते, आणि एखादा लागला व बाकीच्या अटी जुळल्या तर आतही शिरता येत होतं. अकिरा नावाची रॅन्समवेअर टोळी (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारी) नेमक्या अशा, दुसरा घटक, म्हणजे पासवर्डच्या जोडीला ओळखीचा आणखी एक पुरावा, नसलेल्या व्हीपीएनमधून कंपन्यांमध्ये घुसत होती. मी त्या माहितीपत्रकाची प्रिंट काढून कार्यकारी संचालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एकच विचारलं, "आपल्याकडं दुसरा घटक कुणाला आहे?" कुणालाच नव्हता.

सुरुवात एएसएपासून न करता कागदापासून केली. कोण जोडतं, कुठून, कशासाठी, याची यादी. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला आणि जाणारच होता, कारण उत्तरं कॉन्फिगमध्ये नसतात, माणसांकडे असतात. शेतकी अधिकाऱ्यांनी सांगितलं की हंगामी स्लिपबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या सांभाळणारी पोरं) गट अधिकाऱ्यांच्याच नावाने लॉगिन करतात. लेखा विभागात 'अकाउंट्स' नावाचा एकच युजर पाच जण वापरत होते, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. सॉफ्टवेअरवाल्यांचाही एकच युजर. त्यांच्याकडची नोकरी सोडून गेलेल्या किती जणांना तो पाठ असेल देव जाणे. एक ग्रुप तर जुन्या पद्धतीचा होता, आयकेई-व्ही१ चा: ग्रुपची एक सामाईक चावी आणि तिच्यावर युजरचं नाव-पासवर्ड. त्यासाठी लागणाऱ्या सिस्कोच्या जुन्या व्हीपीएन क्लायंटचा, म्हणजे वापरणाऱ्याच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमचा, सपोर्ट २०१४ सालीच संपलाय. त्याच्या सेटिंगच्या पीसीएफ फाइलमध्ये ग्रुपची चावी कूटरूपात असते, पण ती उलगडणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. शिवाय अग्रेसिव्ह मोडमध्ये (जोडणीची झटपट रीत) त्या चावीपासून बनलेला हॅश, म्हणजे गणिती ठसा, तारेवरून जातो; तो पकडला की घरी बसून निवांत चावी शोधता येते. हा ग्रुप मी पहिल्याच दिवशी बंद केला. कुणाचाही फोन आला नाही.

मग मुख्य प्रश्न आला: ग्रुप किती ठेवायचे? बहुतेक ठिकाणी विभागाला एक ग्रुप करतात, कारण लॉगिनच्या खिडकीत यादी येते, आपला विभाग निवडायचा, पुढे जायचं. दिसायला छान. पण त्या यादीतून शेतकीचा माणूस 'हिशेब' निवडू शकतो, आणि दोन्ही ग्रुप एकाच सर्व्हरला पासवर्ड विचारत असतील तर त्याचा पासवर्ड तिथेही बरोबरच ठरतो. आमच्याकडे तेच होतं. एका गट कार्यालयातल्या पोराला समोर बसवून त्याच्याच नावाने 'हिशेब' निवडायला लावलं. जोडलं गेलं. लेखा विभागाचं फोल्डर उघडलं आणि त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "सायेब, ह्ये आमाला दिसायचंय व्हय?"

एएसएत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. टनेल ग्रुप ठरवतो की समोरच्याची ओळख कशी पटवायची: कुठल्या सर्व्हरला विचारायचं, सर्टिफिकेट (संगणकाचं डिजिटल ओळखपत्र) मागायचं का, दुसरा घटक हवा का. ग्रुप-पॉलिसी ठरवते की ओळख पटल्यावर त्याला काय द्यायचं: कुठला पत्ता, कुठले सर्व्हर, किती वेळ. विभाग वेगळे असले की पॉलिसी वेगळी लागते, टनेल ग्रुप नाही. ओळख पटवण्याची रीत बदलली तरच टनेल ग्रुप बदलायचा. हे एकदा पटलं की अकराचं गणित आपोआप सुटतं. आमच्याकडे रीती तीनच निघाल्या. कायम कर्मचारी: डोमेनचा (कारखान्याच्या सगळ्या युजरांच्या मध्यवर्ती यादीचा) पासवर्ड आणि मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटरमधला सहा आकडी कोड. गट कार्यालयं: पासवर्ड आणि त्या संगणकावर बसवलेलं सर्टिफिकेट. बाहेरचे सॉफ्टवेअरवाले: कर्मचाऱ्यांसारखंच, पण खातं एरवी बंद, काम निघालं की तेवढ्यापुरतं उघडायचं. तिसऱ्याची रीत पहिल्यासारखीच, मग वेगळा ग्रुप कशाला, असा वाद मी स्वतःशीच घातला. शेवटी ठेवला, कारण त्यांचा जोडणीचा पत्ता वेगळा असला की लॉगमध्ये त्यांच्या ओळी चटकन वेगळ्या काढता येतात. शुद्ध सोयीचा निर्णय.

लॉगिनच्या खिडकीतली यादी काढून टाकली. प्रत्येक ग्रुपला स्वतःची यूआरएल दिली आणि क्लायंटच्या प्रोफाइलमध्ये तीच भरली. कर्मचाऱ्याला निवडायला काही उरलं नाही, आणि बाहेरून चाचपडणाऱ्याला ग्रुपांची नावंही फुकटात वाचायला मिळत नाहीत.

पॉलिसी कुणाला कुठली, हे रेडियसने, म्हणजे लॉगिन तपासून हो-नाही सांगणाऱ्या सर्व्हरने, सांगायचं ठरलं. विंडोज सर्व्हरवरचा एनपीएस हा आमचा रेडियस. डोमेनमध्ये सिक्युरिटी ग्रुप केले, एनपीएसमध्ये प्रत्येकासाठी नेटवर्क पॉलिसी, आणि तिच्या उत्तरात २५ नंबरचा रकाना, म्हणजे क्लास अॅट्रिब्यूट. त्यात 'ओयू=' लिहून पुढे ग्रुप-पॉलिसीचं नाव आणि शेवटी अर्धविराम. एएसए ते नाव वाचते आणि ती पॉलिसी लावते. टनेल ग्रुपची मूळ पॉलिसी मात्र 'नो-अॅक्सेस' ठेवायची, जिच्यात एका वेळच्या लॉगिनांची मर्यादा शून्य असते. पासवर्ड बरोबर, पण रेडियसकडून पॉलिसीचं नाव आलं नाही, किंवा नावात एक अक्षर चुकलं, तर एएसए मूळ पॉलिसीवर येते आणि माणूस बाहेर राहतो.  उलट मांडणी असती, म्हणजे मूळ पॉलिसी मोकळी आणि कडक पॉलिसी नावाने, तर प्रत्येक टायपिंगच्या चुकीला एक दार उघडं राहिलं असतं. शिवाय प्रत्येक पॉलिसीत ग्रुप-लॉक टाकलं, म्हणजे हिशेबाची पॉलिसी मिळालेला माणूस गट कार्यालयाच्या यूआरएलवरून आला तर परत फिरतो.

एनपीएसने भरपूर घाम काढला. कर्मचारी ग्रुपचं पहिलं लॉगिन पडलं. क्लायंटवर नुसतं 'लॉगिन फेल्ड', त्यातून कळत काहीच नाही. एएसएवर डीबग रेडियस लावलं तर विनंती जाते, उत्तरात अॅक्सेस-रिजेक्ट येतं. खरं कारण एनपीएसच्या सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असतं. ६२७२ म्हणजे प्रवेश दिला, ६२७३ म्हणजे नाकारला, आणि नाकारला असेल तर खाली कारणाचा आकडा. १६ असेल तर नाव-पासवर्ड जुळत नाही. ४८ असेल तर एकही पॉलिसी लागू पडली नाही, बहुतेक वेळा माणूस सिक्युरिटी ग्रुपमध्ये घालायचा राहिलेला असतो. माझ्यापुढे आला तो ६६: पॉलिसीत मान्य नसलेल्या पद्धतीने पासवर्ड पाठवला गेला. एएसए सवयीने पीएपी वापरते, ज्यात पासवर्डच पाठवला जातो. टनेल ग्रुपमध्ये पासवर्ड-मॅनेजमेंट चालू केलं तर एमएस-चॅप-व्ही२ वर जाते, ज्यात पासवर्ड न पाठवता तो ठाऊक असल्याचं सिद्ध केलं जातं. जुन्या एनपीएस पॉलिसीत फक्त एमएस-चॅप-व्ही२ ला परवानगी होती. गंमत अशी की एएसएवरची 'टेस्ट एएए-सर्व्हर' ही कमांड नेहमी पीएपीनेच विचारते. त्यामुळे गट कार्यालयांच्या ग्रुपात, जिथे पासवर्ड-मॅनेजमेंट चालू आहे, टेस्ट नापास होते आणि खरं लॉगिन पास होतं. या कमांडच्या भरवशावर कुणी डोकं धरून बसलं असेल तर त्याला माझी सहानुभूती.

एनपीएस एक नाही, दोन ठेवावे लागले. मायक्रोसॉफ्टचं मल्टिफॅक्टरचं, म्हणजे दुसरा घटक तपासणारं, एक्स्टेन्शन एकदा एनपीएसवर बसवलं की त्या सर्व्हरवर येणारी प्रत्येक विनंती त्याच्या हातून जाते. अमुक माणसाला दुसरा घटक आणि तमुकाला नको असं तिथे सहज करता येत नाही. म्हणून कर्मचारी आणि सॉफ्टवेअरवाले एका एनपीएसकडे, गट कार्यालयं दुसऱ्याकडे. टनेल ग्रुप ओळखीच्या रीतीप्रमाणे पाडले होते त्याचा फायदा इथे दिसला, प्रत्येक ग्रुपला आपापला सर्व्हर जोडला आणि विषय संपला. कर्मचारी ग्रुपात पीएपीच ठेवलं, कारण सहा आकडी कोड टाइप करायचा तर एमएस-चॅप-व्ही२ चालत नाही. कोड टाइप केला की एक्स्टेन्शन पॉलिसीच्या नावाचा रकाना आपणहून पुढे पाठवत नाही; त्यासाठी मायक्रोसॉफ्टची वेगळी स्क्रिप्ट लागते. पीएपीत पासवर्ड त्या दोन यंत्रांचं सामाईक सिक्रेट आणि एमडी५ (हॅश बनवण्याची जुनी पद्धत) यांच्या पडद्याआडून जातो आणि तो पडदा फार जाड नाही. म्हणून एएसए आणि एनपीएस यांच्यामधला रस्ता वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागात) घेतला आणि सिक्रेट लांबलचक, यंत्राने बनवलेलं ठेवलं. एएसएची रेडियसची वेळमर्यादा मुळात १० सेकंद असते. कोड तपासायला एनपीएस क्लाउडपर्यंत जाऊन येतो, त्यात माणूस खिशातून मोबाइल काढणार, चष्मा शोधणार. ती ६० केली.

रेडियस बंद पडला तर एएसएवरच्या स्थानिक युजरांवर घसरायची सोय असते. ती व्हीपीएनसाठी काढली. कन्सोल आणि एसएसएचसाठी, म्हणजे खुद्द एएसएची सेटिंग करायला, एक स्थानिक युजर ठेवला, पासवर्ड सीलबंद पाकिटात सचिवांच्या तिजोरीत. एनपीएस पडला तर व्हीपीएन बंद राहील, चालेल. गट अधिकारी मोटारसायकल काढून कारखान्यावर येऊ शकतो.

आता कोणाला किती आत सोडायचं ते. एएसएवर व्हीपीएनमधून आलेली रहदारी मुळात इंटरफेसच्या अॅक्सेस लिस्टमधून, म्हणजे कुणाला सोडायचं-अडवायचं त्या नियमांच्या यादीतून, जातच नाही. कारण 'सिसऑप्ट कनेक्शन परमिट-व्हीपीएन' हे सेटिंग चालू असतं. बरेच जण लिस्ट लावून निर्धास्त होतात आणि ती लिस्ट व्हीपीएनवाल्यांना शिवतही नाही. त्यासाठी ग्रुप-पॉलिसीत व्हीपीएन-फिल्टर लावायचं. त्याची एक खोड आहे: ओळ लिहिताना सोर्सच्या जागी नेहमी पलीकडच्या क्लायंटचा पत्ता येतो, रहदारी कुठल्याही बाजूने सुरू झालेली असो. गट कार्यालयांना ऊस विकासच्या सर्व्हरचं ४४३ पोर्ट (वेबचं दार) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), बस्स. हिशेबाला त्यांचा सर्व्हर आणि फाइल शेअर. सॉफ्टवेअरवाल्यांना एकाच सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप. डेटाबेसला जायचं ते त्याच्यातून, आणि तिथे काय केलं याची नोंद राहते. त्यांनी थोडी कुरकुर केली, पूर्वी थेट डेटाबेसला जाता यायचं म्हणून. त्याचसाठी तर हे चाललं होतं. आणखी एक: नवीन फिल्टर चालू सेशनला लागत नाही, माणसाला एकदा लॉगऑफ करावं लागतं, नाहीतर आपण बदल करत बसतो आणि समोर फरक शून्य.

सगळ्यात कंटाळवाणी भानगड पत्त्यांची होती. कारखान्याचं जुनं नेटवर्क १९२.१६८.१ चं. बहुतेक फायबरच्या मोडेमांमागेही तेच असतं. गट कार्यालयातला संगणक १९२.१६८.१.१० ला सर्व्हर शोधतो आणि त्याला वाटतं सर्व्हर शेजारच्याच टेबलावर आहे. टनेल जोडलेला, हिरवी खूण दिसतेय, आणि सॉफ्टवेअर उघडत नाही. जिओफायबरच्या घरांत १९२.१६८.२९ असतं, तिथे चालायचं, म्हणून तक्रार कधी यायची कधी नाही, आणि वर्षानुवर्षं 'रेंज नसेल' म्हणून सोडून दिली गेली. सर्व्हर नवीन व्हीलॅनमध्ये १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर हलवले. पत्ते बदलायचे म्हणजे काटे, प्रिंटर, लॅब सगळ्यांना हात लागतो, म्हणून हे फक्त ऑफ सीझनलाच शक्य. हलवल्यावर नॅटची (जाता-येता पत्ते बदलण्याच्या सोयीची) एक अडचण पुढे आली: टनेलमधून जाणारी विनंती आत पोचते, परत येताना तिला इंटरनेटच्या नॅटचा नियम धरतो. लॉगमध्ये ३०५०१३, 'असिमेट्रिक नॅट रूल्स'. व्हीपीएनच्या पत्त्यांसाठी आयडेंटिटी नॅटची, म्हणजे पत्ता न बदलण्याची, ओळ बाकी नियमांच्या वर नेऊन ठेवली की हे थांबतं.

गट कार्यालयांची सर्टिफिकेटं मात्र मनापासून आवडलेलं काम. कारखान्यातच विंडोजची सर्टिफिकेट अथॉरिटी उभी केली, एकेका गटात जाऊन संगणकावर सर्टिफिकेट बसवलं, आणि खासगी चावी निर्यात होणार नाही अशी ठेवली. आता पासवर्ड एकानं दुसऱ्याला सांगितला तरी सर्टिफिकेट नसलेल्या संगणकावर तो निरुपयोगी. स्लिपबॉयना प्रत्येकाला स्वतःचं खातं दिलं आणि डोमेनमध्ये खात्याची मुदत हंगामाअखेरची टाकली. माणूस गावाकडे गेला, खातं आपोआप मिटलं. पुढच्या हंगामात पुन्हा आला तर तारीख बदलायची. हा सगळ्या कामातला सर्वांत साधा बदल आणि मला वाटतं सर्वांत उपयोगाचाही.

एका गटातून फोन आला. "सायेब, पासवर्ड बराबर टाकलाय, पर ते म्हनतंय भरवशाचं न्हाई." तिथला संगणक पावसाळाभर बंद होता. स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगितली तर १ जानेवारी, आणि साल दहा-बारा वर्षांपूर्वीचं. बोर्डवरचा सेल संपलेला. त्या संगणकाच्या लेखी आमच्या एएसएचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नव्हतं, आणि त्याचं स्वतःचंही नाही. घड्याळाच्या दुकानात मिळणारा सीआर२०३२ घातला आणि चालू झालं. मग सगळ्याच गटांतले सेल बदलून टाकले. स्टोअरवाल्यांनी इंडेंटवर 'व्हीपीएनसाठी सेल' वाचून मला फोन करून खात्री करून घेतली.

जन्मजात ग्रुप उरले होते. ते काढता येत नाहीत. सिस्कोने सांगितल्याप्रमाणे मूळ पॉलिसीतच लॉगिनांची मर्यादा शून्य केली. आपल्या पॉलिस्यांमध्ये मात्र ती स्पष्ट लिहावी लागते, नाहीतर त्याही शून्यच उचलतात. नंतर ९.१६ च्या एका पुढच्या पॅचमध्ये व्हीपीएनसाठी थ्रेट-डिटेक्शन आलं. ठरावीक वेळा लॉगिन चुकलं की तो आयपी पत्ता काही काळ अडवला जातो. मर्यादा फार कडक ठेवली नाही. गट कार्यालयातली निम्मी माणसं मोबाइलच्या नेटवरून येतात, तिथे एका सार्वजनिक पत्त्यामागे कंपनी शेकडो ग्राहक बसवते. एकाच्या चुकांनी शेजारच्या गटाचं काम थांबायला नको. बाहेरच्या प्रयत्नांनी 'अकाउंट्स' हे खातं डोमेनमध्ये सारखं लॉक व्हायचं, लेखा विभाग त्यासाठी आम्हालाच बोल लावायचा. ते खातंच गेल्यामुळे तो प्रश्न मिटला.

लॉगचं काम लेखापरीक्षकांमुळे लांबलं. सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश त्यांनी वाचले होते आणि व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची हे कलम आमच्यावर लावलं. ते लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे, संस्थेच्या स्वतःच्या व्हीपीएनसाठी नाही, हे सर्ट-इनच्याच खुलाशातून दाखवलं. आम्हाला लागू होतं ते वेगळं: लॉग १८० दिवस जपायचे, घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. एएसए, दोन्ही एनपीएस आणि लॉगचा सर्व्हर सगळे एनआयसीच्या समय१ आणि समय२ या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरना लावले. याचा दुसरा फायदा असा की एएसएवरची ओळ आणि एनपीएसवरची नोंद सेकंदाला सेकंद जुळते. आधी दोन्हींत चार मिनिटांचा फरक होता आणि त्या फरकात शोधणारा वेडा होतो.

गव्हाणीत मोळी पडून हंगाम सुरू झाला तेव्हा सगळे गट जोडलेले होते. पहिल्या दिवसांत फोन आले ते बहुतेक कोडचे. ऑथेंटिकेटर मोबाइल बदलला की पुन्हा लावावा लागतो हे लेखा विभागातल्या एका बाईंना दिवाळीचा नवीन फोन घेतल्यावर कळलं, तेही बिलाच्या रात्री. त्यांच्यासाठी एक तात्पुरता पास काढून दिला आणि त्यावर नवीन फोनवर सगळं चढवलं. गट अधिकाऱ्यांनी मात्र फारसा त्रास दिला नाही, कारण त्यांच्या बाजूला दिसायला काहीच बदललेलं नव्हतं, उलट यादीतून निवडायचं एक काम कमी झालं होतं.

सर्टिफिकेटांची मुदत सगळी जुलैत संपेल अशी ठेवलीय, म्हणजे नूतनीकरण कधीच सीझनमध्ये येणार नाही. एएसएचं काय करायचं ते अजून ठरायचंय. ५५१६-एक्सवर ९.१६ च्या पुढचं सॉफ्टवेअर चढत नाही, म्हणून पुढच्या ऑफ सीझनच्या खरेदीत नवीन फायरवॉल टाकलीय. खरेदी समितीने विचारलं, "जुनी चालतीय न्हवं?" चालते, म्हटलं. फाइल सध्या त्यांच्याकडेच आहे.